रावेरच्या वळणावरचं ग्रीस

सोनगीर, ३ ऑगस्ट २०२५

चि. पुनमला आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

मला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तू पत्र लिहितेस, बरं करतेस. जड मालगाड्या चालवणारे देश एकमेकांकडून काय काय शिकले, त्याचा इतिहास माझी नात लिहिते! मी गल्लीत पेढे वाटले. हिलालची आई म्हणे, मालगाडीला कसला इतिहास? तिला अर्धाच पेढा दिला.

तुझे आजोबा रावेरला रेल्वेचे रूळ राखणाऱ्या गँगचे मुकादम होते, तेव्हा चार देशांचे पाहुणे आपल्या अंगणात बसून गेलेत. एवढ्या कोळशाच्या गाड्या जाऊन आपल्या वळणावर रूळ झिजत कसा नाही, ते बघायला आले होते. आजोबा काठीला फडकं गुंडाळून बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला ग्रीस लावायचे. माथ्यावर ठिपकाही पडू द्यायचे नाहीत, चाक घसरतं. माझी भजी खाऊन एका पाहुण्याचं नाक लाल झालं होतं. आजोबांचं नाव लिहिशील ना? वेळेवर जेवत जा.

तुझी आजी

दिल्ली, ९ ऑगस्ट

ती. आजीस सा. न.

पाहुण्यांनी लिहिलेलं पुस्तक सापडलं. आपलं अंगण आहे, तुझी भजी आहेत. रावेरची रीत चारही देशांनी उचलली, असंही आहे. पण रीत काढणारा म्हणून आजोबांच्या साहेबाचं नाव आहे. मी नात, म्हणून माझा शब्द हा इतिहास छापणारी समिती धरत नाही. त्या दिवशी हजर असलेल्या माणसाने आजोबांचं नाव घालून स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून द्यायच्या. तशी तूच उरलीस. पंचवीस तारखेला मजकूर छापायला जातो. तेव्हा कोणी नाव विचारलंच नाही का गं?

तुझी पुनम

सोनगीर, २६ ऑगस्ट

चि. पुनमला आशीर्वाद.

विचारलं होतं. मलाच. तुझे आजोबा लाइनवर गेले होते आणि पाहुण्यांच्या गाडीची वेळ झाली होती. साहेबांनी मला मराठीत विचारलं, बाई, मुकादमाचं पूर्ण नाव काय. मी पदर ओढला आणि नवलचे बाप म्हटलं. नवऱ्याचं नाव घेतात का कुठे? साहेब हसले. पाहुणा पेन उघडून बसला होता, त्याला त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. माझे कान तेव्हा चांगले होते. ताटली उचलून मी आत गेले.

साहेबांना त्यावर परदेशी बोलावणं आलं. तुझे आजोबा रिटायर होईपर्यंत ग्रीस लावत राहिले. मी त्यांना यातलं काही सांगितलं नाही.

तुझं पत्र आल्यावर रोज वही काढली. बाकी बठ्ठं लिहून व्हायचं, नावापाशी हात थांबायचा. बँकेच्या कागदावरसुद्धा मी अंगठाच लावते, सहीत त्यांचं नाव येतं म्हणून. ते जाऊन अकरा वर्षं झाली, तरी. शेजारची पोर म्हणे मी लिहून देते, तर तिच्यावरच ओरडले.

आज लिहिलं. तारीख काल गेली, माहीत शे. या म्हातारीवर राग धर, पण माया सोडू नकोस.

तुझी आजी

(सोबतचा कागद)

वळणावर ग्रीस लावायची रीत रुपचंद तोताराम पाटील यांची. मी तिथे होते. मला विचारलं होतं.

यशोदाबाई रुपचंद पाटील