प्रयोगशाळेच्या दारापाशी

प्रिय ताई,

आधी हातातला चष्मा खाली ठेव, गल्ल्यावर मामाला बसव आणि हे पत्र मागच्या खोलीत जाऊन वाच. जिंकलो गं आपण! काल शिक्षण मंडळाने माझा अभ्यास नुसता स्वीकारला नाही, अक्षरशः डोक्यावर घेतला. अध्यक्षबाई खुर्चीतून उठून माझ्यापाशी आल्या. आणि माझे मार्गदर्शक, जे कौतुक करताना दाढ दुखल्यासारखा चेहरा करतात, ते चक्क सगळ्यांदेखत 'छान' म्हणाले. आईला फोनवर सांगितलं, तर तिने विचारलं, जेवलीस का. असो.

माझा विषय तुला पाठ आहे, कारण त्याची टर उडवल्याशिवाय तुझा फोन संपत नाही. आपल्यासारख्या अल्पसंख्य घरांतली हुशार मुलं मोठ्या शाळांत कशाने टिकतात, आणि आपल्यातले शिक्षक तिथे का टिकत नाहीत. तू म्हणायचीस, त्यात शोधायचं काय, कपाळ? मुलाला म्हणतात हुशार आहे, करेल आपलं आपण. शिक्षकाला म्हणतात तुम्हीच बघा, तुमच्यातलंच आहे. झाला अभ्यास, घे पदवी! तुझ्या जिभेला हाड नाही, पण बोललीस ते सोळा आणे खरं. फक्त ते सिद्ध कसं करायचं, तिथेच माझं घोडं पेंड खात होतं. मंडळाचं पालुपद एकच, आमच्याकडे सगळ्यांना सारखंच वागवतात.

सारखंच म्हणे! आपल्या शाळेत पाहुणे येणार असले की मला मागच्या बाकावरून उचलून पुढे बसवायचे, आणि पाहुण्यांची पाठ फिरली की पुन्हा मागे. शाळेच्या माहितीपत्रकावर दरवर्षी माझंच थोबाड. आणि तू, पदार्थविज्ञानात विद्यापीठात पहिली आलेली, तुला तिथे शिकवायला वरचा वर्ग कधी मिळालाच नाही. आपल्यातलं एखादं पोर रडलं, कुणी मारामारी केली, कुणाच्या आईला शाळेची भाषा कळली नाही, की शिपाई तुझ्या दारात हजर. तुझे मोकळे तास त्यात गेले, मधली सुट्टी त्यात गेली. वर मुख्याध्यापक म्हणायचे, बाई, तुम्हाला हे किती छान जमतं! आणि विभागप्रमुख नेमायची वेळ आली तेव्हा तेच म्हणाले की तुम्ही विषयाला वेळ देत नाही. त्या दिवशी तू प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवलीस आणि मामाच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बसलीस. त्याचं मला काही नाही, भिंगं तुझ्या हातात शोभतात. पण घरी येऊन म्हणालीस, इतकी वर्षं गेली, माझ्या हातून काहीच झालं नाही. ते वाक्य तू अजून बोलतेस. त्या वाक्याचा मला भयंकर राग येतो ताई. आता सांगते, हा सगळा अभ्यास मी त्या एका वाक्याशी भांडायला घेतला होता.

चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या, त्यात आपली शाळा आली. शपथेवर सांगते, चिठ्ठी मी उचलली नाही. पण प्रश्न विचारून मुलं खरं सांगेनात. हुशार ना ती, समोरच्याला कोणतं उत्तर हवंय ते त्यांना बरोबर कळतं. मग मी प्रश्नच बंद केले. म्हटलं, चल, मला तुझी शाळा फिरवून दाखव, आणि जिथे तुला मोकळं वाटायचं तिथे थांब. शिकून बाहेर पडलेल्यांनाही बोलावलं. पहिली आली ती तू जिला 'कटकट' म्हणायचीस ती. आता पूल बांधते! बक्षिसांच्या कपाटात तिचं नाव आहे, त्याच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तडक जिना चढली आणि प्रयोगशाळेच्या दारापाशी थांबली. दुसऱ्या दिवशी एक उंच डॉक्टर आला. तोही तिथेच. मग आणखी एक, मग आणखी. वेगवेगळ्या सालांतली मुलं, एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि सगळ्यांचे पाय त्याच दाराशी अडकत होते! सगळे तेच सांगत होते. बाई दार उघडं ठेवून डबा खायच्या. का आलास असं विचारायच्या नाहीत. हातात पुसायला भिंग द्यायच्या, नाहीतर वर्गातल्यापेक्षा अवघड गणित. कटकट म्हणाली, बाकीच्यांना माझी कीव यायची, बाईंना मला पुढे न्यायची घाई असायची.

मग आत्ताची मुलं. ती मला अख्खी इमारत फिरवून परत फाटकाशी आणायची. थांबायला जागाच नव्हती त्यांना. एक मुलगी तेवढी गच्चीच्या बंद दाराखाली जिन्यात थांबली. म्हणाली, इथे कुणी येत नाही. मी संशोधक वगैरे सगळं विसरून तिथेच पायरीवर बसून रडले.

काल मी मंडळापुढे हेच सांगितलं, जसंच्या तसं. समोर आपले मुख्याध्यापक. ते उठले, चेहरा पडलेला, पण बोलले सरळ. म्हणाले, ते दार बाई गेल्यापासून मीच बंद ठेवलंय, आणि चूक माझी आहे. मग काय, हात भराभर वर झाले. मुलांना सांभाळणं आता काम म्हणून धरायचं आणि तेवढे तास कमी करायचे. आपल्यातला शिक्षक कुठल्याही शाळेत एकटा ठेवायचा नाही. वरचे वर्ग विषय येणाऱ्याला द्यायचे. आणि हे सगळ्या शाळांना लागू! बोल, काहीच झालं नाही ना तुझ्या हातून?

फोन केला असता तर गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून हे पत्र. विभागप्रमुखाची जागा आणि वरचा वर्ग तुझी वाट बघतायत. मुख्याध्यापक स्वतः दुकानात यायला निघाले होते. मी म्हटलं, नका जाऊ, ती तुम्हाला पाणीसुद्धा विचारणार नाही. त्यांच्याऐवजी शनिवारी दुपारी ती जिन्यातली मुलगी येईल. डोळे तपासायचेत म्हणेल. डोळे तिचे ठणठणीत आहेत, उगाच अक्षरं वाचायला लावू नकोस. तिच्याकडे एक गणित आहे, जे शाळेत कुणालाच सुटत नाहीये, तेवढं बघ. आणि तिने कंपासपेटी उघडली की आत मुख्याध्यापकांनी दिलेली प्रयोगशाळेची किल्ली असेल. ती कुणाला द्यायची ते तिला माहीत आहे.

तुझंच,
शेंडेफळ