वीरान गावाचा मान

बोरगाव, ता. सौंसर

प्रिय चंचल,

तुझा मंगळवारचा निरोप मी तीनदा वाचला. फोनवर उत्तर द्यायला गेलो तर मी हवामान आणि संत्र्यापलीकडे काही बोलू शकत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून कागद घेतला. निरोपाकडे शेवटी येतो. आधी चैत्र पौर्णिमेला आपल्या मूळ गावी, उमरखाप्यात काय झालं ते सांगतो. तू विचारलंस तेव्हा मी "झालं व्यवस्थित" एवढंच म्हणालो होतो.

गेल्या महिन्यात तुझ्या आईचं कपाट उघडलं. ती गेल्यापासून सहा महिने हात लावला नव्हता. साड्यांच्या खाली तिची निळी वही निघाली. वर "कास्तुलो" असं लिहिलेलं. तू स्पेनमध्ये लिनारेसला जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या झाडांवर काम करायला गेलीस आणि दर रविवारी जवळच्या त्या कास्तुलो नावाच्या ओसाड गावाबद्दल तिला सांगू लागलीस. ती हो हो म्हणत ऐकायची. फोन ठेवला की लिहून काढायची, हे मला वही पाहून कळलं. सौंसरच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई, टिपण काढल्याशिवाय राहणार नाहीच.

मी ती वही दोन दिवसांत वाचली. नदीवरच्या टेकाडावरचं गाव. डोंगरात चांदीच्या खाणी. गाव स्वतःची नाणी पाडायचं, त्यावर पंखांचा सिंह आणि त्याला माणसाचं तोंड. हॅनिबल नावाच्या सेनापतीची बायको तिथली होती असं रोमन लेखक सांगतात. तिथे आईने बाजूला लिहिलंय, "पोरीला माहेर सोडून किती लांब जावं लागलं." मग रोमन आले, मग ख्रिस्ती झाले, गावाला बिशप मिळाला. हजारेक वर्षं नांदलेलं गाव. पण सातव्या शतकात बिशपची गादी बाएझा या दुसऱ्या गावी गेली, हळूहळू माणसंही पांगली. पुढे लोकांनी तिथले दगड नेऊन लिनारेसला घरं बांधली. हे वाचून मी उठलो आणि आपल्या दाराचा उंबरा पाहून आलो. माझ्या पणजोबांनी तो उमरखाप्याहून बैलगाडीत आणला होता.

तू लहानपणी यायचीस, तरी पुन्हा सांगतो. पणजोबांच्या काळात हैजाने, म्हणजे पटकीच्या साथीने उमरखापा उठलं. चौदा घरं होती, जगली ती बोरगाव, सावरगावकडे गेली. मी पटवारी असताना दर वर्षी त्या नावापुढे "वीरान" लिहायचो. आता पांढुर्णा जिल्हा झाला, रेकॉर्ड तिकडे गेलं, पण गावाचं नाव कायम आहे. माणूस एक नाही आणि नाव आहे. चैत्र पौर्णिमेला त्या घरांतले सगळे तिथल्या मारुतीला जातात. मानकरी आधी उठून गेलेल्या चौदा घरांची नावं मोठ्याने घेतो, मग पहिला नारळ फोडतो. तो मान आपल्या घराचा. माझ्यानंतर कोणाचा, हा प्रश्न होता.

तीन वर्षांपूर्वी पौर्णिमेलाच सावरगावच्या नत्थूजीने तो सगळ्यांसमोर काढला. मनोहरले पोरगा नाही, पोरगी परदेशात, तर मान भावाच्या पोराले, गुणवंताच्या कुलदीपले द्या, असं तो म्हणाला. मी खाली बघत, निघायला म्हणून चप्पल शोधू लागलो. तुझी आई मात्र उभी राहिली. ती म्हणाली, "स्पेनमधी एक गाव हाये, माणूस नाही उरला. तरी त्यायचं चर्च आजही कोणाले तरी त्या गावाचा बिशप नेमते. तो राह्यते दुसऱ्याच देशात. गाव उजाड झालं म्हणून त्यायनं मान मोडला नाही. मंग माही पोरगी स्पेनमधी असली तं काय बिघडलं?" सगळे हसले. प्रश्न तसाच राहिला. परतताना ती गाडीत मला म्हणाली, "तुम्ही एक शब्द बोलले असते तं."

आई गेली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी पोचलीस. विमानांची जुळणी झाली नाही. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही, आणि न म्हटल्याने तुला काय वाटलं असेल हे मला उशिरा सुचलं. मी रागावलो नव्हतो. मला बोलता येत नाही, एवढंच. तेरवीला पंगत उठल्यावर गुणवंताने विचारलं, "दादा, मान कुलदीपकडं देऊ ना आता?" आणि मी होकाराची मान हलवली. तू आतल्या दारात ताटं घेऊन उभी होतीस. तू पाहिलंस. काही बोलली नाहीस. माझीच पोर तू. पण चंचल, ती ज्यासाठी भांडली ते मी तिच्या तेराव्या दिवशी देऊन टाकलं होतं.

पौर्णिमेला वही पिशवीत घालून गेलो. कुलदीप नारळ घेऊन तयार होता. मी पुढे झालो आणि म्हटलं की तेरवीला मी हो म्हटलं ते चुकलं, मान चंचलचा आहे. मग वहीतलं बिशपचं पान वाचलं. नत्थूजीने लगेच विचारलं, "त्या देशात बायकायले बिशप करतेत काय रे मनोहर?" आईने यावर काही लिहून ठेवलं नव्हतं. मी खरं तेच सांगितलं, "नाही करत. पण हे गाव त्यायचं नाही, आपलं आहे." मागे बसलेल्या बायकांतून म्हातारी अंबाबाई म्हणाली, "मंग करा ना बापा, ऊन चढून राह्यलं." कुलदीपने नारळ माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "मोठे बाबा, मी तं बाबांनं म्हटलं म्हणून धरून उभा होतो." गुणवंता दोन दिवस घराकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी ताक पाठवलं. नारळ मी तुझ्या नावाने फोडला. खोबरं वाळवून आईच्या स्टीलच्या डब्यात ठेवलंय.

आता तुझा निरोप. बाबा एकटे आहेत म्हणून नोकरी सोडून जूनमध्ये कायमची येते, असं तू लिहिलंस. राजीनामा अजून दिला नसशील तर देऊ नकोस, हे सांगायला हे पत्र लिहिलं. आईसाठी वेळेवर पोचली नाहीस त्याची भरपाई माझ्याजवळ येऊन करायची नाही. मी जेवतो, फिरतो, कुलदीप रोज डोकावतो. भेटायला ये, सुट्टी संपली की परत जा. मानकऱ्याला गावात राहावं लागत नाही, हे तुझ्या आईनेच सिद्ध केलंय. काम वर्षातून एक दिवसाचं. जमलं तर इथे, नाही तर त्या कास्तुलोच्या टेकाडावर उभी राहून चौदा नावं मोठ्याने घे. यादी सोबत पाठवतो. खाली एक ओळ मोकळी सोडली आहे. माझ्यानंतर बोरगावच्या या घराला कुलूप लागेल, तेव्हा तिथे आपल्या घराचं नाव लिही. मनोहर आणि अलका, एवढं पुरे.

तुझाच,
बाबा