फॉर्म नंबर १६३

सांगली, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पामामांस,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा फोन मामी स्पीकरवर ठेवतात, म्हणून पत्र. मानसशास्त्राच्या एम.ए.साठी मी कॉलेजच्या मुलांच्या व्यसनांवर संशोधन करते आहे. कराडहून दोनशे बारा फॉर्म भरून आले. फॉर्मवर नाव नसते. भरणारा कोण हे शोधणार नाही आणि कळले तरी सांगणार नाही, असे प्रत्येक वर्गात उभी राहून सांगितले, खाली सहीही केली.

फॉर्म नंबर १६३ : तंबाखू-सुपारीचा मावा, दिवसाला आठ पुड्या. तोंड पूर्वीइतके उघडत नाही, वडापाव मोडून खातो. घरी कोणाला माहीत नाही. त्यातल्या प्रत्येक ‘ख’मधले र आणि व सुटे काढलेत. पहिलीतल्या एकाला पाटीवर मीच तसा चुकीचा ‘ख’ शिकवला होता.

आमच्या मॅडम म्हणाल्या, शब्द दिलाय तर पाळायचा. हवं तर सगळ्याच वर्गांत दवाखान्याचा पत्ता वाट. वाटला. तरी घास उतरत नाही. नाव मात्र तुम्हालाही सांगणार नाही.

रागावलात तरी लोभ असू द्या.
आपली,
संयोगिता


तासगाव, ९ फेब्रुवारी

चि. संयोगितास अ. उ. आ.

पत्र पावलं. तू नाव लिहिलं न्हाईस, मीबी विचारत न्हाई. आजवर तू एकालाच लिहायला शिकवलंयस, हे मला आठवत न्हाई असं समज.

फौजेत लागल्यापासनं माझ्या गालात तंबाखू हाय, तीस वर्षं झाली. एकदा तोंड दाखवून घ्यावं म्हणतो. दातांचा दवाखाना तासगावातबी हाय, पण मला कराडचा पसंत पडला. सोबतीला माणूस पाहिजे. तुझा भाऊ ऋषिराज तिथंच होस्टेलला हाय, त्याला घेऊन जातो. त्याला एक शब्द विचारणार न्हाई.

जेवत जा. म्हाताऱ्यावर माया राहू दे.
आप्पासो


कराड, २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
ऋषिराजचा सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता आलं नसतं. मामांबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी त्यांना तपासलं, मग म्हणाल्या, आलाच आहात तर तुम्हीही तोंड उघडा. तीन बोटं उभी जायला पाहिजेत. माझी दीड गेली. मामा पंख्याकडं बघत होते.

मावा आत्ता सोडला तर आणखी आवळणार नाही, थोडं सुटेलही म्हणाल्या. इंजेक्शनं आणि तोंडाचा व्यायाम चालू आहे. दहा दिवस खाल्लेला नाही, दोनदा सोडून. लय चिडचिड होते. रूममेट शेजारच्या खोलीत राहायला गेला.

तुझा फॉर्म मोबाइलवर भरता येत होता. मी मुद्दाम कागद मागून घेतला. तू अक्षर ओळखशील, फोन करशील, असं वाटलं होतं. तू पाठवलास पत्ता, तोही सगळ्या वर्गाला. तुझा लय राग आला. मग मामा आले. सहज आलो म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही.

आता खरी गोष्ट. मामांच्या गालात पांढरा चट्टा सापडला. तुकडा काढून तपासायला पाठवायचाय. मामा म्हणाले, द्राक्षं उतरल्यावर बघू. मी न्हाई म्हणालो आणि सहा मार्चची तारीख घेऊन टाकली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना न्हाई म्हणालो. त्यांनी वाद न घालता तारखेची चिठ्ठी खिशात घातली, त्याचीच भीती वाटली.

मामींना अजून काहीच माहीत नाही. दोन मार्चच्या रविवारी आपण दोघं तासगावला जाऊन सांगू. माझं मी सांगतो. मामांचं तू सांग, मी शेजारी बसतो.

धाकट्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझा,
ऋषिराज