न दिसता ओढणारा ग्रह

४ ऑगस्ट, सोमवार
आलं: स्वामीमलैहून पितळी डाव, सहाशे चाळीस. टपालानं ग्रहांचं पुस्तक, एकशे ऐंशी. डाव भक्कम. पुस्तकात नेपच्यून: निळा, गारठलेला, ताशी दोन हजार किलोमीटरचे वारे, अख्खी पृथ्वी मावेल एवढं काळं वादळ. केवढा हा संताप! संकल्प: उद्या एकादशी, उद्यापासून राग बंद.

५ ऑगस्ट
राग आला नाही. हे म्हणाले, कॉफी पांचट आहे. डबरा, कॉफीची पितळी वाटी, फेकला, पण यांच्या डोक्याशेजारून. भिंतीला पोचा.

८ ऑगस्ट
नेपच्यून म्हणे आधी कागदावर सापडला. हर्षल ग्रह वाटेवरून ढळत होता. म्हणजे पलीकडून कुणीतरी ओढतंय, असा हिशेब एका फ्रेंच गणित्यानं मांडला. बर्लिनला दुर्बीण लावली, तर एका अंशाच्या आत ग्रह हजर!
आमचे हेही ढळताहेत. महामहम तळ्यावर फिरून सातला परतत, आता पावणेआठ. रात्री दोन इडल्या कमी. कोण ओढतंय?

१२ ऑगस्ट
मॅट्रिकला गणितात अठ्ठ्याऐंशी होते. यांची चाल, लागणारा वेळ, घटलेल्या इडल्या. उत्तर: तळ्यामागच्या गल्लीतलं सहावं घर. वीणा शिकवणारी त्रिपुरसुंदरी! उद्या जाऊन शांतपणे विचारायचं. डाव नेणार, नुसता सोबतीला.

१३ ऑगस्ट
दार लाथेनं उघडलं. वीणा आडवी आली, भोपळा फुटला. त्रिपुरसुंदरीचे वडील रामलिंग मध्ये पडले, कपाळाला चार टाके. ती माझे केस ओढत किंचाळली, की तुझा नवरा इथं कशाला मरायला येईल!
तेवढ्यात सातव्या घरातून हे आले, उष्ट्या हातानं. मागं यांची बहीण वरलक्ष्मी. तीन वर्षांपूर्वी मी हिला घराबाहेर काढलं. काढलं कसलं, मी वरवंटा फेकला, ती आपणहून गेली.
हिशेब एका दारानं चुकला. बर्लिनलाही अंशभर चुकलाच होता.
वन्सं म्हणाल्या, वैनी, आधी डाव ठेवा, मग जेवायला बसा. मला दया दाखवते! डाव हाणला. वन्संचा दात पडला. हे म्हणाले, अगे, मला कुणी ओढलं नाही, तुझ्याच वाऱ्यानं मी इथं येऊन पडलो. मला बाहेर ठेवून यांनी आतून कडी घातली.

२० ऑगस्ट
फोन उचलत नाहीत. गल्ली दहा मिनिटांवर, तरी पत्र टाकलं. त्याची नक्कल:
‘झालेलं मी मोठ्या मनानं विसरले आहे. वन्संना क्षमा केली आहे. ताट रोज मांडते, रोज उचलते. सोबत कोरं कार्ड आहे, पत्ता मीच घातलाय. “येत नाही” लिहायला जागा ठेवलेली नाही. नुसतं “येतो” लिहून उलट टपालानं कळवावं.’