परक्याच्या पोराला हात लावायचा नाही

मी, रंभा कुंडलिक पाष्टे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉ. रसिका म्हसकर यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी फूस लावलेली नाही की धाक घातलेला नाही. या घरात धाक घालायचं काम कायम मीच केलं.

१. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात मी ही राहती जागा पुतण्या रवींद्र याला दिली होती. ते मृत्युपत्र रद्द समजावं. रवींद्रचा दोष नाही. तो गोड बोलला, आणि मी तेव्हा माझ्या मुलावर, रत्नदीपवर, भयंकर रागावलेले होते.

२. रागाचं कारण असं. मी तीस वर्षं या जागेत पाळणाघर चालवलं. आईबाप मुंबईला नोकरीला जात आणि पोरं माझ्या हवाली करत. असं असताना रत्नदीपने स्वतःच्या मुलीला, ऋजुताला, घोडबंदर रोडवरच्या कॅमेरे लावलेल्या पाळणाघरात घातलं. मी म्हटलं, "अरे, मी आहे ना अजून जिवंत? येऊन राहते तिकडे." तो म्हणाला, "नको आई, तुला दगदग होईल." मी हे सुनेचं कारस्थान समजले आणि नातेवाइकांत तिच्याबद्दल नको नको ते बोलले. माझ्या सोन्याच्या पाटल्या सून मृणाल हिला द्याव्यात. निर्णय तिचा नव्हता.

३. थोरली जाऊ तुळसा हिने माझं तांब्याचं घंगाळ नेलं म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं, असा सगळ्यांचा समज आहे. मीच तो करून दिला. घंगाळ तिलाच राहू दे. खरं कारण वेगळं होतं. एकदा तिने माझा हात वरच्या वर धरला आणि म्हणाली, "अगं रंभे, बास कर आता. ह्याचा काय गुन्हा त्यात?" माझ्या घरात येऊन मला शहाणपण शिकवते म्हणून मी तिला त्याच पावली परत पाठवलं. माझी मोरपंखी पैठणी तिला द्यावी. नेसायचं वय राहिलं नाही म्हणेल, तरी द्यावी.

४. गुन्हा नव्हताच. पाळणाघराचा माझा नियम होता की परक्याच्या पोराला हात लावायचा नाही. लोकांची पोरं, अंगावर वळ दिसला तर दुसऱ्या दिवशी पाळणाघर बंद. पण धाक तर हवा. म्हणून कोणी ताट उपडं केलं, कोणी कोणाला चावलं, की मी रत्नदीपला पुढ्यात ओढून सगळ्यांच्या देखत बडवायचे. बाकीची पोरं चिडीचूप होत. तो माझा होता, त्याला मारायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पालक म्हणायचे, "मावशी कधी बोट लावत नाहीत, तरी पोरं बघा कशी शिस्तीत." मी मान डोलवायचे.

तेव्हा घरोघरी मारायचे, हे खरं आहे. वागळे इस्टेटमधल्या कामावरून दमून आलेले आमचे हेही म्हणायचे, दिले असतील फटके तर काय झालं. पण घरोघरी, ज्याने केलं त्याला मारायचे. मी ज्याने केलं नव्हतं त्याला मारलं. पुढे पुढे तर कोणाच्या हातून नुसता पेला सांडला, तरी रत्नदीप न बोलावता उठून माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. मी शेजारणींना सांगायचे, याला म्हणतात वळण.

५. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेले होते. ऋजुताने रांगोळीचे रंग नव्या सोफ्यावर सांडले आणि माझा हात आपोआप वर गेला. त्या पोरीने मार कसा असतो ते बघितलेलंच नाही. वर गेलेला हात बघून ती हसली, "आजी, टाळी!" म्हणाली आणि उडी मारून माझ्या हातावर टाळी दिली. मी मागे वळले तर दारात रत्नदीप उभा होता. चाळिशी उलटलेला माणूस, कानशिलावर केस पिकलेले, आणि त्याने कोपर डोक्यावर घेऊन डोळे मिटले होते. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो उगाच केस सारखे करायला लागला.

मी चकली खाल्ली, चहा घेतला. तो मला गाडीने सोडायला आला. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही मायलेक शेजारी शेजारी कितीतरी वेळ अडकून होतो आणि मला एक शब्द काढता आला नाही. मला लाज वाटली. अजून वाटते.

६. राहती जागा, त्यातली कपाटं, भांडीकुंडी आणि बँकेत जे असेल ते सर्व रत्नदीपला. अट कसलीही नाही. इथे पाऊल टाकवत नसेल तर त्याने जागा खुशाल विकावी. आईची आठवण म्हणून ठेवू नये. माझा फोटो भिंतीवर लावण्याची सक्ती नाही.

७. साक्षीदार म्हणून सहीसाठी विनीतला बोलावलं. पाळणाघरातलं माझं सर्वांत व्रात्य कार्टं, आता स्टेशनजवळ त्याचं चष्म्याचं दुकान आहे. त्याने आधी सगळं वाचलं आणि पेन हातात धरून बसून राहिला. मग म्हणाला, "मावशी, आम्ही मुद्दाम करायचो. मार रत्न्याला बसणार, हे माहीत असायचं ना." पुढे म्हणाला, "पण हे तो वाचणार कधी? तुम्ही गेल्यावर? मग त्याने बोलायचं कोणाशी?"

गेल्यावर वाचायला ठेवलं होतं ते एवढ्यासाठीच, की तेव्हा मला त्याच्या तोंडाकडे बघावं लागणार नव्हतं.

८. म्हणून हे शेवटचं कलम आत्ता वाढवते. हे मृत्युपत्र पाकिटात बंद करू नये. रत्नदीपला फोन केला आहे, तो येत्या रविवारी येतो म्हणाला. मी स्वतः त्याला हे वाचून दाखवीन. कागद टेबलावर पसरून ठेवीन आणि माझे दोन्ही हात कागदावर, त्याला दिसतील असे ठेवीन.

ठिकाण: डोंबिवली पूर्व
दिनांक: ९ जानेवारी २०२६

सही: रंभा कुंडलिक पाष्टे

रंभाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. विनीत श्रीपाद केतकर
२. डॉ. रसिका म्हसकर