दादाचं गुपित आणि कमरेतलं इंजेक्शन

३ जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

दहा तारखेला माझ्या हर्नियाचं ऑपरेशन आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्ण झोपवू किंवा नुसतं कमरेखाली बधिर करू, दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा. तू नर्स आहेस, खरं सांग, पूर्ण भुलीत माणूस बडबडतो का गं?

शाळेचं ते अवजड घड्याळ मी एकट्यानेच उचललं, हे फक्त तुला ठाऊक. जड उचलणार नाही असं तुझ्या वहिनीला वचन दिलं होतं, म्हणून हर्निया खोकल्याने झाला असं तिला सांगितलंय. कळलं तर दुकानाला कुलूप ठोकेल!

तुझ्या उत्तरावर डोळे लावून बसलेला,
दादा घड्याळजी

६ जून

ती. दादास,
शि. सा. न.

कमाल आहे बाबा तुझी! अरे, पूर्ण भुलीत कुणी गुपितं फोडत नाही. तरी धीर होत नसेल तर कमरेतलं इंजेक्शन घे. बेंबीखाली दुखणार नाही, जागा राहशील आणि तोंड तुझ्याच ताब्यात राहील.

नंतरच्या गोळ्या मात्र वेळेवर घे. दुखायला लागायची वाट बघत बसू नकोस. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धर. आणि वहिनीला एकदाचं सांगून टाक रे.

लोभ आहेच, तो टाक्यांसारखा घट्ट राहू दे.
तुझी छोटी

१५ जून

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

ऑपरेशन छान झालं. कमरेतलं इंजेक्शन घेऊन हे जागे राहिले आणि घाबरून तासभर बोलतच सुटले. सर्जन हसत बाहेर आले. म्हणाले, पेशंट उत्तम आहे, पण पुन्हा शाळेचं घड्याळ एकट्याने उचलू देऊ नका.

मला काय नवीन होतं? शर्टाच्या पोटावर लागलेलं त्या घड्याळाचं वंगण मीच घासघासून काढलं होतं.

घरी आल्यावर ह्यांनी मर्दुमकी दाखवत गोळ्या उशीखाली सारल्या. दुपारी एक शिंक आली आणि अस्से ओरडले की शेजारीण धावत आली! मग मी दुकानातली अकरा गजराची घड्याळं पलंगाभोवती मांडली, सगळी गोळीच्या वेळेला लावून. आता मुकाट्याने घेतात.

राग आला ना, आला तर! वचन मोडल्याचा कमी, पण मी दहा पावलांवर असताना हाक मारली नाही, त्याचा फार. तसं बोलले तेव्हा ह्यांचे डोळे भरून आले. माझेही.

शाळेचं घड्याळ दुरुस्त होऊन दुकानात पडलंय. रविवारी या. एक बाजू मी धरेन, दुसरी तुम्ही. ह्यांनी फक्त दार उघडायचं. तुम्हालाही सगळं ठाऊक होतं, हेसुद्धा ह्यांनी ऑपरेशनच्या टेबलावरच सांगून टाकलंय.

माया आहेच, येताना हातात जोर घेऊन या.
तुमची वहिनी