साहेब उद्या येणार आहेत

सोमवार, ४ तारीख
लागलो एकदाचा! दवाखान्यात वॉर्डबॉय. गोदाम झालं, हॉटेल झालं, ट्रकवर हमाली झाली. एका जागी माझं बूड टिकत नाही, असं आई म्हणते. इथे बूड टेकायचंच नसतं. दिवसभर खाटा ढकलायच्या, सिलिंडर आणायचे, पेशंटना कुशीवर वळवायचं. जुना वॉर्डबॉय आहे, त्याला सगळे मामा म्हणतात. त्याने तासाभरात माझं नाव भिंगरी ठेवलं. राहायला जिन्याखालची खोली आहे. पंखा आहे, आरसासुद्धा आहे. आईला फोन केला. कधी येतोस म्हणाली. म्हटलं, येतो की, जरा बस्तान बसू दे. ही वही सिस्टरने दिली. रोज लिही म्हणाली, तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक आहे.

गुरुवार, ७
पोटात गाठ असलेल्या शिंपीकाकांशी गट्टी जमली. माझी पँट बघून म्हणाले, ही शिवणाऱ्याला आधी भरती करून घ्या रे.
आज राउंडला मोठे डॉक्टर त्यांच्यापाशी थांबले. फाइल मिटली आणि चादरीवरून काकांच्या पायाचा अंगठा लाडाने दाबला. काका खूश. साहेब पुढे गेल्यावर मामा हळूच म्हणाला, चल, खाट शेवटच्या खोलीत घे. अंगठा दाबला म्हणजे उपचार संपले. ही साहेबांची खूण, फक्त स्टाफला ठाऊक. पेशंटला कुणी सांगत नाही. राउंडही त्या खोलीच्या अलीकडून माघारी वळतो. कुणी विचारलं तर एकच बोलायचं, साहेब उद्या येणार आहेत.

शनिवार, ९
चहा घेऊन गेलो तर डॉक्टरांच्या खोलीत वाद चाललेला. नव्या डॉक्टरीण, चष्मेवाल्या मॅडम, म्हणत होत्या, बरं करता येत नाही तर निदान वेदना तरी थांबवू. काकांना खरं सांगू, म्हणजे लेकीला वेळेवर बोलावतील. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, मॉर्फिन ठेवायचं म्हणजे आधी परवाना, मग कुलूप, एक गोळी इकडची तिकडे झाली की चौकशी. कोण डोक्याला ताप करून घेणार? मोठे साहेब चिडले नाहीत. फार दमलेले दिसले. म्हणाले, ते औषध सुरू केलं की घरचे म्हणतात डॉक्टरने हात टेकले. आणि तोंडावर कसं सांगायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही हो मॅडम. आशा तरी राहू दे त्यांना.
चहा गार झाला. कुणी कप उचलला नाही.
दुपारी काका कण्हत होते. मला विचारलं, लेकीला बोलावू का रे? लांब असते, उगाच तिची रजा मोडायला नको. म्हटलं, साहेब उद्या येणार आहेत, त्यांनाच विचारा. बरं म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, पँट सैल होतेय तुझी. जेवतोस ना पोरा?

मंगळवार, १२
काका सकाळी गेले. लेक दुपारी आली. हातात त्यांचा आवडता सदरा, धुऊन इस्त्री केलेला. बाबा काही म्हणाले का, विचारत होती. मी तिला पाणी आणून दिलं.
खाट धुतली, चादर बदलली. पाठ दुखतेय. खाटा ओढून असेल.

शुक्रवार, १५
शेवटच्या खोलीत सध्या कुणी नाही. भर दुपारी तिथली बेल वाजली. गेलो. चादर मीच ताणून घातलेली. तिच्यात मधोमध माणसाएवढा खळगा. हात लावला. ऊब होती. भीतीने तोंडातून सवयीचंच निघालं, साहेब उद्या येणार आहेत. बेल थांबली.
मामाला सांगितलं. वाटलं, टिंगल करेल. तो म्हणाला, ज्याला सांगितलेलं नसतं तो वाट बघत बसतो. आपण तेच बोलायचं आणि परत यायचं.

मंगळवार, १९
रोज वाजते. रोज जातो. रोज तेच बोलतो.
पट्ट्याला नवं भोक पाडलं. जिन्यात मध्येच बसावं लागतं. मामा म्हणाला, भिंगरीची दोरी संपली वाटतं. मॅडमनी एक्स-रे काढायला लावला. फोटो उजेडात धरला, तसाच मोठ्या साहेबांकडे नेला. दार लोटलेलं. साहेबांचं एवढंच ऐकू आलं, तरणा पोर आहे, खचेल.

शुक्रवार, २२
वॉर्डात आहे. खाटेवर. परवा मीच पुसलेली खाट.
साहेब आले. विचारलं, घरी जाऊ का, आई वाट बघतेय. उद्या बघू म्हणाले. फाइल मिटली. आणि —
हाताच्या सवयीने असेल. मी इथलाच आहे, खूण मला कळते, हे विसरले असतील. अंगठा दाबला. मॅडम खाली बघत राहिल्या.

शनिवार
मामाने खाट शेवटच्या खोलीत ढकलली. चाक कुरकुरत होतं. तेल घालायचं माझ्याकडूनच राहिलेलं. म्हटलं, मामा, तू तरी खरं सांग. म्हणाला, साहेब उद्या — आणि तोंड फिरवून गेला.

रविवार
आईचा फोन. येऊ का म्हणाली. म्हटलं, उगाच दगदग नको, उद्या साहेबांना विचारतो — काकांसारखाच बोललो —
शेजारची खाट रिकामी. चादरीत खळगा. बेल वाजतेय. कुणी दाबत नाहीये.
म्हटलं, काका, साहेब येणार नाहीत. येणारच नव्हते. मला माहीत होतं.
बेल थांबली. खळगा हळूहळू वर आला. चादर सपाट.
वाटलं, गेले.
मग माझ्या खाटेची कड दबली. कुणी टेकल्यासारखी. पाठ थंड —
काकांचाच आवाज. दमलेला. विचारतायत, पोरा, तुला कुणी सांगितलं का?
म्हटलं, नाही.
म्हणतायत, मग मी सांगतो. आईला आजच बोलावून घे. तुझ्याकडे आता फक्त —